गरोदरपण, प्रदूषण आणि बाळाचा थायरॉईड: या चुका टाळा

मी नाशिकमधे लहान मुलांच्या ओपीडीत काम करते, नवीन आईवडिलांचे थायरॉईडचे प्रश्न रोज कानावर येतात आणि खरं सांगायचं तर त्याच त्याच चुका बघून आता जीव वैतागलाय. गरोदरपणात सगळ्यांना अंबड-सातपूरच्या कंपन्यांच्या धुराची भीती वाटते, हायवेची वाटते, कुणी हवा शुद्ध करायचं मशीन हप्त्यावर घेतं, आणि त्याच घरात फवारणीचे कपडे बादलीत भिजत पडलेले असतात, बंबात प्लॅस्टिक जळत असतं, डब्यात सैंधव मीठ असतं, आणि बाळाच्या टाचेची टेस्ट (टाचेतून थेंबभर रक्त घेऊन थायरॉईड तपासतात ती) "नंतर बघू" म्हणून राहून जाते. हवा वाईट आहेच. युरोप-अमेरिकेतल्या गरोदर बायकांच्या अभ्यासात जिथे पीएम 2.5, म्हणजे हवेतले अगदी बारीक कण, जास्त तिथे आईचा टी4, म्हणजे थायरॉईडचा मुख्य हार्मोन, कमी सापडण्याचं प्रमाण जास्त दिसलंय. पण बाहेरची हवा उद्या तुम्ही बदलू शकत नाही, घरातलं बदलू शकता.

आधी थोडं समजून घ्या, मग पुढचं पटेल. पहिले तीन महिने बाळाकडे स्वतःचा थायरॉईड हार्मोन जवळजवळ नसतोच, दहा-बारा आठवड्यांच्या सुमारास त्याची ग्रंथी आयोडीन ओढायला लागते आणि नीट कामाला लागेपर्यंत 18-20 आठवडे होतात. तोवर मेंदूची वाढ आईच्या टी4 वर चालते. म्हणजे आईचा थायरॉईड दबला की बाळाला पहिला फटका, आणि पुढे काही केमिकल वारेतून थेट बाळाच्या ग्रंथीपर्यंतही जातात. कुणी आयोडीन आत जाऊ देत नाही, कुणी हार्मोन बनवणारं एन्झाइम अडवतं, तर कुणी तयार हार्मोन शरीरातून लवकर बाहेर काढतं.

आणि हेही आत्ताच सांगते, कारण रडत आलेल्या आयांना रोज सांगावं लागतं. बाळाला जन्मतः थायरॉईड कमी असण्याचं मुख्य कारण प्रदूषण नसतं. बहुतेक वेळा ग्रंथीच नीट तयार झालेली नसते, जागेवर नसते, किंवा हार्मोन बनवण्यात जन्मजात दोष असतो. प्रदूषणाचा परिणाम बहुधा बारीक असतो, टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारा हार्मोन, ग्रंथी कमी पडली की हा वाढतो) थोडा वर सरकतो, आईचा टी4 थोडा खाली येतो. तेव्हा "मी काय खाल्लं म्हणून असं झालं" हे डोक्यातून काढा. पण बारीक परिणाम म्हणजे परिणाम नाही असंही नाही.

आता माझा सगळ्यात जुना राग, फवारणीचे कपडे. निफाडकडची एक बाई मोठ्या मुलाला ताप म्हणून घेऊन आली होती, स्वतः सातव्या महिन्यात. हाताची नखं कडेने पिवळसर, साडीच्या काठावर पण तसलीच पावडर. मी विचारलं बागेत जाता का, तर म्हणाली, "छे हो सिस्टर, डॉक्टरांनी नाही सांगितलंय ना, मी घरीच असते, फक्त यांचे कपडे धुते." ऑक्टोबर छाटणी झालेली, वर पाऊस, डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या भीतीने नवरा एक दिवसाआड पंप घेऊन बागेत, आणि ते कपडे ही प्रत्येक वेळी दगडावर हाताने घासायची. मशीन होतं घरात! पण मशीन खराब होतं म्हणून सासूबाई त्यात टाकू देत नव्हत्या. मशीनची काळजी घेतली आणि पोटुशी बाई राहिली बाजूला, याला काय म्हणायचं?

आपल्याकडे द्राक्षाला, टोमॅटोला बुरशीसाठी एम-45 ची जी पिवळसर पावडर मारतात ती मॅन्कोझेब. त्याचं शरीरात आणि उष्णतेने एथिलीन थायोयुरिया, म्हणजे ईटीयू, बनतं आणि हे ईटीयू थायरॉईड पेरॉक्सिडेज नावाचं एन्झाइम अडवतं, ज्याच्याशिवाय हार्मोन बनतच नाही. कोस्टा रिकात केळीच्या बागांजवळ राहणाऱ्या गरोदर बायकांची लघवी तपासली तेव्हा बागेच्या जवळ राहणाऱ्या आणि शेतात काम करणाऱ्या बायकांमधे ईटीयू जास्त निघालं, आणि ज्यांनी आदल्या दिवशी शेतातल्या कामाचे कपडे धुतले होते त्यांच्यातही जास्त निघालं. फक्त कपडे धुतले होते! युरोपियन युनियनने 2020 मधे मॅन्कोझेबची परवानगी पुढे वाढवली नाही, त्यात हार्मोनवर आणि प्रजननावर परिणाम ही मोठी कारणं होती.

त्या बाईच्या बाळाला पुढे काही झालं का असं लोक मला विचारतात. बाळाची टेस्ट नॉर्मल आली. त्यावरून पावडर सुरक्षित ठरत नाही, आणि बिघडलेली आली असती तरी ती पावडरमुळेच असं मी म्हटलं नसतं, एका बाळावरून असं काहीच ठरत नसतं.

मी काय सांगते ते ऐका, पुस्तकी नाहीये, घरोघर बघून ठरवलेलं आहे. फवारणी करून आलेल्या माणसाने कपडे घराबाहेर, शेडमधे किंवा गोठ्यात काढायचे, तिथेच आंघोळ करायची आणि मगच घरात यायचं, पोराला उचलायचं. त्या कपड्यांची बादली वेगळी, दोरी वेगळी, आणि ते कपडे त्याने स्वतः हातमोजे घालून धुवायचे. गरोदर बायकोने नाही आणि सासूबाईंनी पण नाही. पावडरच्या पुड्या पलंगाखाली ठेवायच्या नाहीत, रिकामे डबे-कॅन पाण्याला, धान्याला वापरायचे नाहीत. शेजारच्या मळ्यात फवारणीचा ब्लोअर चालू असेल तर खिडक्या लावा, वाळत घातलेले कपडे आत घ्या, पाण्याची भांडी झाका. शेजाऱ्याला आदल्या दिवशी फोन करून विचारायला लाज कसली? आणि गरोदर बाईला डिपिंगच्या, म्हणजे द्राक्षाचे घड औषधात बुडवायच्या, मजुरीला पाठवू नका, घडावर आधीच काय काय मारलेलं असतं आणि ती दिवसभर ते हातात धरून बसते. भाजी-फळं आधी चोळून धुवायची आणि मग चिरायची, चिरून धुण्यात अर्थ नाही.

बंब आणि शेकोटी. निफाड-पिंपळगावकडची थंडी काय असते ते मला सांगू नका, माहितीये, बागेत घड वाचवायला पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात तेही माहितीये. पण त्यात मल्चिंग पेपर (शेतात अंथरतात ते प्लॅस्टिक), ठिबकच्या नळ्या, औषधाच्या बाटल्या टाकू नका, आणि अंघोळीचं पाणी तापवताना बंबात कॅरीबॅग, कुरकुऱ्यांची पाकिटं खुपसू नका. क्लोरीन असलेलं प्लॅस्टिक जळलं की डायऑक्सिन बनतं, ते चरबीत साठतं आणि वर्षानुवर्षं निघत नाही. इटलीत सेवेसोला 1976 मधे केमिकल कारखान्याचा अपघात झाला, डायऑक्सिन पसरलं, आणि तिथल्या बायकांना 1994 ते 2005 मधे, म्हणजे किती वर्षांनी बघा, जी बाळं झाली त्यांचा टीएसएच दूरच्या भागातल्या बाळांपेक्षा जास्त निघाला. ते प्रमाण प्रचंड होतं, तुमच्या बंबाशी त्याची बरोबरी नाही, पण गरोदरपणाच्या नऊ महिन्यांत काळजी घेऊन हे धुतलं जात नाही एवढं त्यातून घ्या. काड्या, तुराट्या, शेणी जाळा, आणि गरोदर बाईला त्या धुरासमोर बसवू नका.

घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर बाहेर जा म्हणा. धुरातून थायोसायनेट शरीरात जातं आणि तेही आयोडीन अडवतं.

आता मीठ, यावर मी भांडायला तयार आहे. सैंधव मीठ "नॅचरल" म्हणून गरोदर बायकांच्या जेवणात कुणी आणलं देव जाणे. त्यात आयोडीन नावापुरतं असतं. गरोदरपणात दिवसाला साधारण 250 मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, आपल्या जेवणात ते मुख्यतः आयोडीनयुक्त मिठातूनच येतं. आणि गंमत नाहीये ही, कारण खतातून पाण्यात उतरणारं नायट्रेट, धुरातलं थायोसायनेट, परक्लोरेट नावाचं केमिकल ही सगळी मंडळी थायरॉईडच्या ज्या दारातून आयोडीन आत जातं त्याच दारात गर्दी करतात. आयोडीन भरपूर असेल तर ते तरी आत शिरतं, कमी असेल तर बाहेरच राहतं. म्हणजे प्रदूषणाच्या भीतीने "शुद्ध" मीठ खाणारी बाई प्रदूषणाचा परिणाम स्वतःच वाढवून घेते. साधं आयोडीनचं मीठ घ्या, झाकणाच्या डब्यात ठेवा, चुलीशेजारी उघडं ठेवू नका. उपवासाला सैंधव खाल्लं तर ठीक, रोज नाही. बीपी असेल तर मीठ किती ते डॉक्टरांना विचारा.

याच्या उलटी चूक, ऑनलाईन मागवलेले आयोडीनचे थेंब आणि समुद्री शेवाळाच्या गोळ्या. जास्त आयोडीनने पोटातल्या बाळाची ग्रंथी बंद पडू शकते. डॉक्टरांनी दिलेलं सोडून काही नको. "थायरॉईड डिटॉक्स" काढे तर अजिबात नको, असला काही काढा नसतो.

विहिरीचं, बोअरचं पाणी उकळून पिता? जंतू मरतात, नायट्रेट नाही मरत. उलट पाणी आटलं की तेवढंच नायट्रेट कमी पाण्यात राहतं. युरिया टाकतो आपण, कांद्याला टाकतो, द्राक्षाला टाकतो, ते खाली झिरपतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे, गावच्या पाण्याची तपासणी ग्रामपंचायतीत विचारा, जास्त निघालं तर गरोदर बाईसाठी दुसरं पाणी किंवा आरओचं वापरा. साधा कॅंडलचा फिल्टर नायट्रेट काढत नाही.

गरम चहा पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत पार्सल आणू नका, स्टीलचा डबा न्या.

बाळाच्या नाळेवर बेटाडीन, म्हणजे आयोडीनचंच औषध. आज्यांना वाटतं जंतू मरतील, म्हणून दिवसातून दोनदा चोपडतात. नवजात बाळाची कातडी पातळ, आयोडीन आत जातं आणि टीएसएच वर जातो, मग सगळं घर घाबरतं. नाळ कोरडी, उघडी, स्वच्छ ठेवा, बास. लावलं असेल तर टेस्टच्या वेळी सांगा, लपवू नका, कुणी ओरडणार नाही.

आणि आता टाचेची टेस्ट, कारण वरचं सगळं पाळलं तरी ही चुकवली तर काय उपयोग. आपल्याकडे साधारण हजार-दीड हजार बाळांमागे एकाला जन्मतः थायरॉईड कमी असण्याचा त्रास निघतो आणि जन्मतः बहुतेक बाळं अगदी नॉर्मल दिसतात, कारण आईचा हार्मोन काही दिवस पुरतो. दिसून ओळखू म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्या.

सुरगाण्याकडचं एक बाळ आलं होतं, सव्वा महिन्याचं. आजी कौतुकाने सांगत होती, "किती गुणी आहे बघा, रडतच नाही, दूध पाजायला उठवावं लागतं." कावीळ अजून उतरलेली नव्हती, पोट फुगलेलं, बेंबी बाहेर आलेली, शी चार दिवसांनी, आणि रडलं तेव्हा आवाज घोगरा. टीएसएच शंभराच्या वर. मग कळलं की जन्मानंतर शहरातच टेस्ट झाली होती, रिपोर्ट बिघडलेला आला होता, लॅबने फोनही केले होते, पण फॉर्मवर नंबर बाळाच्या वडिलांचा, ते कंपनीत शिफ्टला, अनोळखी नंबर उचलत नव्हते, आणि आई बाळाला घेऊन माहेरी डोंगरात, जिथे रेंज नाही. घरच्यांनी काय धरलं? फोन आला नाही म्हणजे नॉर्मल. त्याच दिवशी थायरॉईडची गोळी सुरू केली. पोरगा आता बरा आहे, शाळेत जातो, पण बोलायला उशिरा लागला, त्यात त्या वाया गेलेल्या आठवड्यांचा वाटा किती हे कुणीच सांगू शकत नाही. गोळी पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हायला पाहिजे असते, तशी झाली तर मूल बहुधा बाकीच्या मुलांसारखं वाढतं.

म्हणून फॉर्मवर दोन नंबर स्वतःच्या हाताने लिहा, एक सासरचा, एक माहेरचा. रिपोर्ट कधी मिळणार ती तारीख विचारून घ्या आणि त्या दिवशी स्वतः जाऊन कागद हातात घ्या. सांगणं नको, कागद. टेस्ट जन्मानंतर 48 तास उलटल्यावर, तिसऱ्या दिवशी सगळ्यात चांगली, कारण जन्मताच टीएसएच आपोआप खूप उसळतो आणि पहिल्या दिवशीच्या रक्ताने उगाच धसका बसतो. लवकर डिस्चार्ज घ्यायची घाई असेल तर नाळेतल्या रक्तावर करता येते, ती आधीच, डिलिव्हरीच्या अगोदर बोलून ठेवा. दिवस कमी भरलेलं बाळ असेल तर दोन ते चार आठवड्यांनी परत टेस्ट लागते. आणि बाळाचा आकडा मोठ्या माणसाच्या रेंजशी ताडून गुगल करत बसू नका, बाळाची रेंज वेगळी असते.

आईला थायरॉईडची गोळी चालू असेल तर दिवस राहिल्यावर ती बंद करू नका, बहुतेकींचा डोस उलट वाढवावा लागतो. लोहाची-कॅल्शियमची गोळी आणि थायरॉईडची गोळी यात चार तास ठेवा.

बाळाला गोळी लागली तर ती रोज ताजी कुस्करायची, चमचाभर आईच्या दुधात किंवा पाण्यात, चमच्यानेच द्यायची. बाटलीभर दुधात मिसळायची नाही, अर्धं उरलं की डोस अर्धा. आठवड्याची एकदम भिजवून फ्रीजमधे ठेवणारे पण बघितलेत, असलं करू नका, पाण्यात तिचा दम टिकत नाही. लोह, कॅल्शियम, सोयाचं दूध त्याच वेळेला नको. दिल्या दिल्या उलटी झाली तर परत द्या. आणि टीएसएच नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करू नका, तो गोळीमुळेच नॉर्मल आलाय. काही मुलांचा त्रास तात्पुरता असतो हे खरं, पण ते साधारण तीन वर्षांनी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी थांबवून, परत रक्त तपासूनच ठरतं.