मराठवाड्याच्या उन्हाळ्यात टिकणारा स्वस्त प्रोसेसर कूलर कसा निवडावा

यूट्यूबवरचे रिव्ह्यू बघून कूलर घेताना एक गोष्ट हमखास निसटते. ती चाचणी बहुधा २२ ते २५ अंशांच्या खोलीत झालेली असते. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी याहून बरी स्थिती नसते. हवेवर चालणारा कुठलाही कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. प्रोसेसर खोलीपेक्षा किती अंश वर राहील, एवढंच त्याच्या हातात असतं.

म्हणून रिव्ह्यूतल्या आकड्यातून आधी तिथल्या खोलीचं तापमान वजा करा. २३ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७० वर थांबला असेल तर फरक ४७ चा. त्यात तुमच्या खोलीचे ४० मिळवा, झाले ८७. आता मर्यादा बघा: इंटेलच्या १२व्या पिढीला १०० अंश, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेकांना ९५, रायझन ५ ५६०० ला ९०. मर्यादेला टेकला की प्रोसेसर जळत नाही, स्वतःचा वेग कमी करून घेतो. जानेवारीत पटकन एक्स्पोर्ट होणारा व्हिडिओ मे महिन्यात रेंगाळतो, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. खरेदी करताना हिशोब मे महिन्याच्या दुपारचाच धरा. भर कामात तापमान मर्यादेच्या आठ-दहा अंश खाली राहिलं की भागलं.

खोक्यावरच्या वॉटवर जाऊ नका

इंटेल आय५-१२४०० च्या खोक्यावर ६५ वॉट लिहिलेलं असतं, पण पूर्ण ताणात तो ११७ वॉटपर्यंत जातो. आय५-१३४०० हाही ६५ वॉटचाच म्हणवतो, आणि त्याची वरची हद्द १४८ आहे. आय३-१२१०० ची ८९. रायझनकडे ही तफावत कमी असते: ६५ वॉटचा रायझन ५ ७६०० हा ८८ वॉटपर्यंत ओढतो, १०५ वॉटवाले १४२ पर्यंत. कूलर निवडताना ही दुसरी संख्या धरायची. कूलरच्या खोक्यावर छापलेला ‘२०० वॉट’, ‘२२० वॉट’ हा दावा प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजते. दोन कंपन्यांच्या त्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

आता काम कोणतं? सेवा केंद्रातले फॉर्म, टायपिंग, टॅली, ऑनलाइन क्लास यांसाठी प्रोसेसरसोबत आलेला कूलर पुरतो. पैसे घालवू नका. आय३-१२१०० तर त्याच्यावर निवांत चालतो. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे स्टुडिओ, थ्रीडीचं काम, तासन्‌तास गेम अशा ठिकाणी प्रोसेसर सलग तापलेला राहतो आणि तिथे वेगळा कूलर लागतोच. काही प्रोसेसरसोबत कूलर येतच नाही: इंटेलचे ‘के’ अक्षराचे, रायझन ७ ५७००एक्स, रायझन ५ ७६००एक्स. त्यांचं बजेट करताना कूलर पहिल्यापासून धरून ठेवा.

नेमकं काय घ्यायचं

बहुतेकांसाठी उत्तर एकच आहे: एका टॉवरचा (पातळ पत्र्यांचा उभा गठ्ठा), तांब्याच्या चार हीटपाइपचा (उष्णता त्या पत्र्यांपर्यंत नेणाऱ्या नळ्या), १२० मिमी फॅनचा कूलर. डीपकूल एजी४०० (उंची १५० मिमी) किंवा थर्मलराइट असॅसिन एक्स १२० एसई (१४८ मिमी) या जातीचे. साधारण दीड ते अडीच हजारांत मिळतात; भाव हलतो, त्यामुळे दोन-तीन ठिकाणी विचारा. १२०-१३० वॉटपर्यंतचा प्रोसेसर ते आपल्या उन्हातही सांभाळतात.

आय७-१२७०० किंवा रायझन ७ ७७००एक्स असेल आणि रोज रेंडरिंग असेल, तर दोन टॉवरचा, सहा पाइपचा थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई घ्या. साधारण तीन-चार हजारांत बसतो. त्याच्यापुढे स्वस्तातला लिक्विड कूलर घ्यायचं कारण आम्हाला दिसत नाही. लिक्विडमध्ये पंप बिघडला की सगळंच थांबतं. एअर कूलरमध्ये बिघडणारी वस्तू फॅन, आणि १२० मिमीचा फॅन जिल्ह्याच्या ठिकाणीही मिळतो.

सातशे-आठशेतले दोन पाइपचे, रंगीबेरंगी दिव्यांचे कूलर टाळा. दिव्यांमुळे ते भारी वाटतात, पण पत्रे पातळ आणि विरळ असतात. फॅनच्या वायरला किती पिना आहेत तेही बघा. चार पिनांचा फॅन म्हणजे पीडब्ल्यूएम, तापमानानुसार वेग बदलणारा. थेट एसएमपीएसच्या (पीसीला वीज देणाऱ्या डब्याच्या) मोठ्या कनेक्टरला लागणारा फॅन कायम एकाच वेगाने फिरतो आणि लवकर घरघरायला लागतो. बेअरिंग ‘हायड्रॉलिक’ किंवा ‘फ्लुइड डायनॅमिक’ असेल तर चांगलं. साधं स्लीव्ह बेअरिंग धूळ आणि उष्णतेत आधी जातं.

तीन मापं, घेण्याआधी

पहिलं, उंची. कॅबिनेटच्या माहितीत ‘सीपीयू कूलरची कमाल उंची’ दिलेली असते. ती सापडली नाही तर कॅबिनेट आडवं ठेवा, मदरबोर्डच्या पृष्ठभागापासून बाजूच्या पत्र्याच्या आतल्या कडेपर्यंत पट्टीने मोजा आणि त्यातून ८ मिमी वजा करा. प्रोसेसरचा माथा बोर्डापासून साधारण तेवढा वर असतो. वर तीन-चार मिमी मोकळे राहायला हवेत. स्वस्त कॅबिनेटमध्ये १५५ मिमीची हद्द नेहमी दिसते, आणि १५८ चा कूलर आणला की झाकण लागत नाही.

दुसरं, रॅम. साधी पट्टी ३१-३२ मिमी उंच असते, ती फॅनखाली बसते. दिव्यांची रॅम ४० च्या वर जाते. मग फॅन वर सरकवावा लागतो आणि कूलरची उंची तेवढीच वाढते.

तिसरं, सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची बैठक. इंटेलच्या १२व्या पिढीच्या एलजीए १७०० सॉकेटभोवतीच्या भोकांमधलं अंतर ७८ मिमी, जुन्या एलजीए १२०० आणि ११५x चं ७५ मिमी. नवं एलजीए १८५१ देखील ७८ चंच आहे. तालुक्याच्या दुकानात जुना माल पडून असतो. खोक्यावर ‘१७००’ लिहिलं नसेल तर खोकं उघडून ब्रॅकेट बघा. रायझनमध्ये जुन्या एएम४ सॉकेटचे बहुतेक कूलर नव्या एएम५ ला बसतात, अट एवढीच की कूलर बोर्डाच्या मूळ बॅकप्लेटच्या (बोर्डामागच्या आधार-प्लेटच्या) स्क्रूवर बसणारा असावा, कारण एएम५ मध्ये ती प्लेट काढता येत नाही. ऑफिसमधून लिलावात आलेले ब्रँडेड पीसी मात्र वेगळे: त्यांची भोकं आणि काहींचे फॅन-कनेक्टरही नेहमीच्या मापाचे नसतात. तिथे बाजारातला कूलर घेऊ नका, थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरमधला उष्णता पुढे नेणारा लेप) बदला आणि साफसफाई करा.

बसवताना काय चुकतं

सगळ्यात जास्त घडणारी चूक म्हणजे कूलरच्या तळावरची पारदर्शक फिल्म तशीच राहणं. मशिन चालू होतं आणि दोन मिनिटांत तापमान नव्वदीला भिडतं.

जुना कूलर काढण्याआधी पीसी दहा मिनिटं कामाला लावा म्हणजे पेस्ट सैल होईल. मग बंद करा, वायर काढा. एएम४ वर कूलर सरळ वर ओढलात तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून पिना वाकतात. आधी डावी-उजवीकडे हलक्या हाताने पिळा, मग उचला. एएम४ ची प्लॅस्टिक ब्रॅकेट खोलताना मागची बॅकप्लेट सुटून पडते. एक हात बोर्डामागे ठेवा.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडाने पुसा. नवी पेस्ट मधोमध तुरीच्या दाण्याएवढी. एलजीए १७०० चा प्रोसेसर लांबट असल्यामुळे तिथे एक छोटी उभी रेघ ओढा. जास्त पेस्टने थंडावा वाढत नाही. स्क्रू कर्णरेषेत, प्रत्येकी दोन-दोन फेरे देत आवळा. एका बाजूचा पूर्ण आवळून मग दुसरा लावला तर तळ तिरका बसतो आणि एक-दोन कोअर बाकीच्यांपेक्षा बरेच गरम दिसतात. इंटेलच्या मूळ कूलरच्या पुशपिना बसवल्यावर बोर्डामागून चारही काळी टोकं पूर्ण बाहेर आली आहेत का, ते डोळ्यांनी बघा.

फॅनची उघडी बाजू रॅमकडे, जाळीदार आधाराची बाजू टॉवरकडे. हवा पुढून मागे जायला हवी. वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या पिनांवरच लावा.

टॉवर बसवल्यावर बोर्ड तापतो

ही बाब दुकानदार सहसा सांगत नाहीत. प्रोसेसरसोबतचा कूलर हवा खाली फेकतो, त्यातली थोडी व्हीआरएमवर, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर जाते. टॉवर कूलर हवा आडवी नेतो. एच६१० किंवा ए५२० च्या स्वस्त बोर्डांवर व्हीआरएमला हीटसिंक नसतो, आणि मग प्रोसेसर थंड असूनही वेग पडतो. उपाय साधा: कॅबिनेटला मागे एक फॅन बाहेर फेकणारा आणि पुढे निदान एक आत घेणारा. पुढची बाजू पूर्ण काचेची असेल तर कितीही चांगला कूलर आतलीच गरम हवा फिरवत बसेल.

धुळीचं गणितही इथलंच. होळीपासून मृग लागेपर्यंत काळ्या मातीची बारीक धूळ उडते. जिनिंगच्या आसपास, सेलू-मानवत-जालन्याकडे, हंगामात कापसाचे तंतू पत्र्यांमध्ये जाऊन नमद्यासारखे बसतात. पुढे जाळी लावा आणि उन्हाळ्यात दर महिन्याला ब्लोअर मारा. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा, मोकळं फिरू देऊ नका. घरातल्या पाण्याच्या कूलरने खोली थंड झाली तर प्रोसेसरलाही तेवढाच फायदा होतो, पण त्याचा झोत थेट कॅबिनेटवर नको. बोअरच्या जड पाण्याचे तुषार बोर्डावर पडले तर क्षार साचतात. भारनियमनात पीसी इन्व्हर्टरवर चालतो आणि खोलीतला कूलर बंद पडतो, हेही धरून चाला.

तपासणी आणि फुकटचा उपाय

एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा आणि सिनेबेंच या प्रोसेसरवर ताण टाकणाऱ्या सॉफ्टवेअरची दहा मिनिटांची चाचणी लावा, शक्यतो दुपारी. तापमान, वॉट आणि वेग हे तिन्ही एकत्र वाचा. आय५-१२४०० वर वॉट ११७ च्या पुढे गेलेले दिसले तर बोर्डाने इंटेलची मर्यादा उघडी सोडलेली आहे. बायोसमध्ये जाऊन पीएल१ (सलग चालण्याची वॉट-मर्यादा) हा ६५ आणि पीएल२ (थोड्या वेळाची वरची मर्यादा) हा ११७ करा. रायझन ७६००एक्समध्ये ६५ वॉटचा इको मोड लावा. वेग थोडा उतरतो, तापमान बरंच उतरतं, खर्च शून्य. नवा कूलर घेण्याआधीच हे करून बघावं.

तरीही आकडा मर्यादेला टेकत असेल तर कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढून तीच चाचणी पुन्हा घ्या. तापमान आठ-दहा अंशांनी उतरलं तर कूलर ठीक आहे, कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाही, फॅन वाढवा. फारसा फरक पडला नाही तर कूलर काढा आणि तळावर पेस्ट कशी पसरली आहे ते बघा. एका कोपऱ्यात जाड आणि दुसऱ्यात कोरडी दिसली तर तो तिरका बसला होता. पुसून, नवी पेस्ट लावून पुन्हा बसवा.