स्पाइक्स काढून शिट्टी हातात घेताना

धावपटू म्हणून देशाची जर्सी घातली, म्हणून निवृत्तीनंतर पोरांना पळायला शिकवता येतंच असं नाही. आधी पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स करा. प्रशिक्षकाची नोकरीच हवी असेल तर तिथलाच डिप्लोमा बघा.

खरी चूक पुढे होते. आपलं जुनं वेळापत्रक पोरांना लावलं जातं. आपल्या माण तालुक्यातल्या ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावल्या, म्हणून बारा वर्षांच्या मुलीपुढे लगेच त्या शर्यतीतला 76.2 सेंटिमीटरचा अडथळा ठेवायचा नसतो. दोन्हीकडे चार-चार विटा आडव्या, एकावर एक रचा, वर बांबू ठेवा. साधारण 30 सेंटिमीटर होतात, सुरुवातीला तेवढं बास. बांबू बांधू मात्र नका, पाय लागला की तो पडलाच पाहिजे. उडी आलटून पालटून दोन्ही पायांनी घोटून घ्या. एकाच पायाची सवय लागली, की पोरं अडथळ्याआधी पावलं तोकडी करतात आणि वेग तिथंच मरतो.

साताऱ्यात यवतेश्वरचा घाट आहेच. चढ पळवा, उतार चालत आणा. डांबरावर उताराला पळवलंत, तर नडग्या धरून बसतील, आणि मग आया तुम्हाला जाब विचारतील.

वहीत रोजची हजेरी, झोप आणि दुखणं लिहा. वेळेचे आकडे नंतर.