जुन्या फाइनवेर्कबाऊचे छरे आडवे पसरायचे, ते असं थांबलं

दारव्ह्याजवळच्या आमच्या गावी मामाजींची जुनी एअर रायफल आली. नळीवरच्या नावावरून ओळख पटली: फाइनवेर्कबाऊ 300एस, छरे 4.5 मिमीचे. कापसाच्या कोठ्यात 10 मीटर मोजून कार्ड लावलं, तर छरे आडवे पसरायचे. सगळे म्हणाले, नळी गेली. मला पटेना. मागच्या डायॉप्टरच्या, म्हणजे बारीक भोकातून नेम धरायच्या साधनाच्या, बुडावरून ते ज्यावर बसतं त्या रुळावर पांढऱ्या नेलपॉलिशची बारीक रेघ ओढली. वीस छऱ्यांनंतर रेघ तुटलेली! स्क्रू ढिला, डायॉप्टर केसभर डुलत होतं. रुळावरचा तेलकट काळा थर पुसला, स्क्रू आवळला. नळीच्या टोकाशी असते ती नेमाची पुढची रिंगही मोठी घातली, तिच्यातून बघताना कार्डावरच्या 30.5 मिमीच्या काळ्या वर्तुळाभोवती पांढरी कड मोकळी दिसलीच पाहिजे, घट्ट रिंग डोळ्याला फसवते. आता पाच छरे एकाच भोकात. मामाजी ते कार्ड कितीतरी वेळ हातात धरून बसले.