लाइट गेली तरी रास्पबेरी पाय चालू: आगोटीआधी करायची जोडणी

आमच्या गुहागरकडे वळवाची पहिली सर आली की लाइट जाते, आणि येताना दोनदा मिचकावते. त्या मिचकावण्यात माझ्या रास्पबेरी पायचं, म्हणजे एका पाटीवरच्या छोट्या संगणकाचं, मेमरी कार्ड दोनदा उडालं. विहिरीच्या पाण्याची पातळी नोंदवायला तो पडवीत बसवलाय. आता तो कायम बॅटरीवरच चालतो. लाइटचं काम फक्त बॅटरी भरायचं.

आधी हिशेब, आणि तो वॉट-तासांत. पाय झीरो 2 डब्ल्यू हे छोटं मॉडेल वायफायसकट साधारण 1 वॉट खातो. 12.8 व्होल्ट, 6 अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे 76.8 वॉट-तास. बॅटरीचे व्होल्ट पायसाठी 5 वर आणणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये 15 टक्के गेले, तळाचा पाचवा हिस्सा राखला, तर हाती 52 उरतात. दोन दिवस निघाले. पाय 4 हे मोठं मॉडेल मात्र नुसतं बसून तिप्पट खातो. पॉवर बँकेच्या वाटेला जाऊ नका; इतक्या कमी भाराला बऱ्याच पॉवर बँका आपोआप बंद होतात.

बॅटरी बीएमएस (बॅटरीला जपणारं आतलं सर्किट) असलेलीच घ्या, चार्जर याच जातीचा, 14.6 व्होल्टचा. गाडीच्या बॅटरीचा चालणार नाही. बॅटरीच्या लाल तारेवर, टर्मिनलच्या अगदी जवळ, 2 अँपिअरचा फ्यूज. पुढे 3 अँपिअरचा बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्ट कमी करणारा. पाय जोडण्याआधी मल्टिमीटर लावून त्याचा स्क्रू फिरवत 5.1 व्होल्ट आणा. ही पायरी गाळलीत तर पाय जळेल, दुरुस्ती नाही.

कन्व्हर्टरपासून पायपर्यंतची तार जाड आणि वीतभरच ठेवा. बारीक लांब केबलमध्ये व्होल्ट गळतात, पाय 4 वर ते 4.63च्या आसपास खाली गेले की स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते; झीरोवर ही सूचना येत नाही. ती दिसली तर आधी केबल बदला, बॅटरीला बोल लावू नका.

बॅटरी संपल्यावर बीएमएस एकदम तोडतं, म्हणजे कार्डाला पुन्हा तोच धक्का. पायला स्वतःला व्होल्ट मोजता येत नाहीत, म्हणून आयएनए 219 हे व्होल्ट मोजून पायला कळवणारं छोटं मॉड्यूल लावा आणि बॅटरी 12 व्होल्टवर आली की शटडाउन करणारी स्क्रिप्ट लिहा.

राहिला खारा वारा. माझ्या उघड्या टर्मिनलवर एका पावसात हिरवी बुरशी धरल्यासारखा थर आला. आता जोड घट्ट करून वर व्हॅसलिन, सगळं झाकणाच्या डब्यात, आत सिलिका जेलची पुडी. निळे दाणे गुलाबी झाले की पुडी बदला; ते स्वयंपाकाच्या तव्यावर वाळवायला घेऊ नका.