उसाच्या ट्रॅक्टरला मागची चाकं आणि हब बघून घ्या, नीट बसवा

दसरा सरला की आमच्या शिरोळ भागात ट्रॅक्टरवाल्यांची टायरच्या दुकानात गर्दी होते. कारखान्याचा बॉयलर पेटायच्या आधी मागची चाकं बदलून घ्यायची असतात आणि प्रत्येकाला शेजाऱ्यापेक्षा रुंद टायर पाहिजे असतो. अमेरिकेत ट्रॅक्टर पुलिंग म्हणून खेळच आहे, वजन लादलेली स्लेज तीनशे फूट ओढायची, पंजाबात टोचन चालतं, म्हणजे दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ बांधून ओढाओढी, आपल्याकडे खेळ वगैरे काही नाही, पाणी पाजलेल्या काळ्या रानातनं भरलेली डबल ट्रॉली बांधावर काढायची हेच आपलं पुलिंग, आणि ते सलग चार पाच महिने रोज. म्हणून मी तीन ट्रॅक्टर आणि बरेच पैसे घालवून जे शिकलो ते लिहितो.

आधी साइज. 40-45 एचपीच्या ट्रॅक्टरला बहुतेक वेळा 13.6-28 येतो. 13.6 म्हणजे टायरची इंचातली रुंदी आणि 28 म्हणजे रिमचा व्यास. लोक त्यावर 14.9 चढवतात, काही हौशी थेट 16.9 वर जातात. रुंदी दिसते म्हणून तिच्यावरच नजर जाते, पण टायर उंचही होतो हे कुणी धरतच नाही. 13.6-28 ची उंची साधारण 1310 मिलिमीटर, 14.9-28 ची 1365 च्या आसपास आणि 16.9-28 ची 1430 च्या घरात. म्हणजे 14.9 घातला की चार टक्के आणि 16.9 घातला की नऊ टक्के स्पीड वाढला, आणि तेवढीच ओढ कमी झाली. रस्त्यावर गाडी पळते म्हणून ड्रायव्हर खूश असतो, पण फडातनं निघताना जिथं सेकंड लो ला निघायची तिथं फर्स्ट लो टाकावा लागतो, क्लच जळतो, बुल गिअरवर, म्हणजे मागच्या एक्सलच्या मोठ्या गिअरवर, ताण येतो. फोर व्हील, म्हणजे चारही चाकं ओढणारा ट्रॅक्टर असेल तर अजून घोळ, कारण पुढच्या आणि मागच्या चाकांचं प्रमाण कंपनीनं ठरवलेलं असतं, पुढचं चाक किंचित पुढे ओढत असावं लागतं, मागचे नुसते उंच केले की ते प्रमाण बिघडतं आणि पुढच्या एक्सलचे गिअर ओरडायला लागतात. फोर व्हीलवाल्यांनी एकतर चारही बदला, नाहीतर आहे ती साइज ठेवा.

माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. 45 एचपीपर्यंत 13.6 पुरे, 50 च्या आसपास 14.9, त्याच्यावरच 16.9. आणि रिम बघितल्याशिवाय टायर घेऊ नका. रिमवर डब्ल्यू 12, डब्ल्यू 13 असं कोरलेलं असतं, ती रिमची इंचातली रुंदी. 14.9 ला डब्ल्यू 13 बरोबर, डब्ल्यू 12 वर भागतं, पण 16.9 डब्ल्यू 12 वर चढवला तर टायर मधे फुगतो, नुसत्या मधल्या पट्ट्यावर चालतो आणि रुंद टायरचे पैसे देऊन अरुंद टायरचं काम मिळतं. उसाच्या ओझ्याला 12 प्लायच घ्या, प्लायचा आकडा म्हणजे टायरची ओझं पेलायची ताकद. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते, 3523 म्हणजे 2023 सालचा पस्तिसावा आठवडा, गोडाऊनमधे पडून वाळलेला टायर स्वस्तात देतात तेव्हा ती आधी वाचा.

आता ओढ कुठनं येते, तर चाकावरच्या वजनातनं. टायर रुंद आणि वरनं ट्रॅक्टर हलका असेल तर तो नुसता चिखल उडवतो. सगळ्यात स्वस्त वजन पाण्याचं. चाक जॅकवर घ्या, वॉल्व्ह फिरवून बरोब्बर वर आणा, हवा सोडा, पाण्याचा अॅडाप्टर लावून भरा, पाणी वॉल्व्हपर्यंत आलं की थांबा, तेवढ्यात टायर पाऊण भरतो. वरची पाव जागा हवेलाच ठेवायची, पूर्ण भरलात तर टायर दगड होतो आणि खड्ड्यात एक्सलला हादरा बसतो. 13.6-28 मधे दीडशे लिटरच्या पुढे पाणी बसतं, म्हणजे एका चाकाला दीडशे किलो फुकटात! पण हे मागचं वजन झालं, पुढचं उचलणं त्यानं थांबत नाही, त्यासाठी बंपरला वजन लावा आणि ट्रॉली ड्रॉबारच्या खालच्या हुकालाच जोडा. हुक वर बांधला की ट्रॅक्टर घोड्यासारखा उभा राहतो आणि तो पाठीमागे कधी उलटला हे ड्रायव्हरला कळतसुद्धा नाही.

वजन जास्त झालं का कमी हे बघायची सोपी पद्धत आहे. टायरवर खडूची रेघ मारा, रिकाम्या ट्रॅक्टरनं रानात चाकाचे दहा फेरे करा आणि अंतर मोजा, 13.6 ला साधारण 39 मीटर भरतं. मग त्याच रानात भरलेली ट्रॉली लावून परत दहा फेरे. 34 मीटर भरलं तर पाच मीटर घसरलं, म्हणजे तेरा टक्के, हे ठीक आहे. 30 च्या खाली आलं तर वजन वाढवा, आणि 38 भरत असेल तर फुकटचं वजन वाहताय, डिझेल जाळताय.

आता हब, म्हणजे एक्सलच्या टोकाचा ज्यावर चाक बसतं तो भाग, जो कुणीच बघत नाही. तीन वर्षांपूर्वी मी एका ओळखीच्या जुन्या सामानवाल्याकडनं डिस्कसकट, म्हणजे हबला बसणाऱ्या मधल्या ताटलीसकट, रिमची जोडी उचलली, भाव बरा होता, आठ होल होते, आमच्या हबला आठ स्टड, म्हणजे नट लावायचे बोल्ट, बसली पण. मधलं होल मात्र हबच्या कॉलरपेक्षा, म्हणजे मधल्या गोल उंचवट्यापेक्षा, चांगलं सहा मिलिमीटर मोठं होतं, म्हणजे चाक कॉलरवर टेकतच नव्हतं, सगळं ओझं नुसत्या स्टडवर. तिसऱ्या दिवशी डाव्या चाकातनं कट कट आवाज यायला लागला, ड्रायव्हर म्हणाला मालक खडा अडकलाय. रात्री कारखान्याच्या यार्डच्या अलीकडे दोन स्टड तुटले आणि बाकीच्यांनी डिस्कची होलं लांबट करून टाकली. वीस टन ऊस रस्त्यात, मागं गाड्यांची रांग, आणि मुकादमाच्या शिव्या.

म्हणून रिम घेताना टेप नाही, व्हर्नियर घेऊन जा. समोरासमोरच्या दोन होलांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा, आठ होलात समोरचं होल असतंच, तो झाला पीसीडी, म्हणजे होलांच्या वर्तुळाचा व्यास, तो आपल्या हबच्या स्टडशी जुळला पाहिजे. मग मधलं होल मोजा आणि आपल्या हबची कॉलर मोजा, दोन्ही जवळपास घट्ट बसली पाहिजेत. फरक असेल तर कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवाल्याकडनं रिंग करून घेता येते, पण मी तर म्हणेन दुसरी रिम बघा. नट निमुळते असतील आणि होलं सपाट असतील तर तीही जोडी जमत नाही, नट टेकल्यासारखा वाटतो पण फक्त कडेवर धरलेला असतो.

नवीन चाक चढवायच्या आधी जुनं काढल्यावर हबकडे पाच मिनिटं द्या. खरं तर चाक काढायच्या आधीच जॅकवर घेऊन वरनं खालनं धरून हलवा, कट कट हललं तर बेअरिंग गेलंय. आतल्या बाजूला तेलाचा ओघळ असेल तर ऑइल सील गेलंय, ते तेल पुढे ब्रेकवर जातं आणि उताराला भरलेल्या ट्रॉलीसकट काय होतं ते सांगायला नको. हे आत्ताच करा, हंगामात मेस्त्री मिळत नाही.

बसवताना ट्रॉली सोडा, सपाट जागा, पुढच्या चाकांना दोन्हीकडनं दगड. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे ढिले करा, मग जॅक घ्या, एक्सलच्या हौसिंगखाली लाकडी ठोकळे ठेवा, नुसत्या जॅकवर हात घालू नका. हबची आणि डिस्कची टेकणारी तोंडं तारेच्या ब्रशनं लखलखीत करा. इथं रंग मारू नका आणि ग्रीस लावू नका, रिम रंगवून आणली असेल तर तेवढा भाग खरवडून काढा, कारण रंगाचा थर पहिल्या खेपेतच दबतो आणि नट ढिले पडतात. एखादा स्टड तुटलेला असेल तर त्याच्या शेजारचे दोन्ही बदला, त्यांनी त्याचं ओझं खाल्लेलं असतं. सगळे नट आधी हातानं लावा, मग एकासमोरचा एक असे आवळा, चाक खाली घेऊन शेवटचं आवळणं. इथं आपल्याकडे पान्याला तीन फुटी पाईप घालून त्यावर उभं राहायची पद्धत आहे. हिशेब करा, सत्तर किलोचा माणूस तीन फुटावर उभा राहिला की सहाशे न्यूटन मीटरच्या वर जातं, मॅन्युअलमधला आकडा बघा, तो याच्या बराच खाली असतो. एवढं ताणलं की स्टड आतनं खेचला जातो आणि पंधरा दिवसांनी कारण नसताना तुटतो. टॉर्क पाना एखाद्याकडनं मागून आणा, हंगामाला एकदाच लागतो.

टायरची दिशा चुकवू नका, मागं उभं राहून बघितलं की लगचं, म्हणजे टायरवरच्या तिरक्या रबरी दांड्यांचं, टोक वर पाहिजे, बाणासारखं. चाकांमधलं अंतर बदलायला अख्खं चाक उलटं केलं तर डावं चाक उजवीकडं घालावं लागतं, नाहीतर नक्षी उलटी पडते. टायर रिमवर चढवताना कडेला साबणाचं पाणी लावा, आणि कड बसवायला 35 पीएसआयच्या वर हवा कधीच भरू नका, बसत नसेल तर हवा सोडून परत साबण लावा. त्या वेळी चाकासमोर उभं राहू नका, बाजूला व्हा. नंतर शेतात 12 आणि भरून रस्त्यावर 17-18 पीएसआय ठेवा, बाकी टायरवर छापलेलं असतं तेच खरं.

पहिली खेप झाली की सगळे नट परत आवळा, आठ दहा तासांनी परत, आणि पहिला आठवडा रोज सकाळी. मी प्रत्येक नटापासून डिस्कवर पांढऱ्या पेंटची एकेक रेघ ओढतो, रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय. नटाच्या भोवती तांबूस गंजाचे ओघळ दिसले तर रेघेची पण गरज नाही, तिथं डिस्क आत हलतीय, जागेवर थांबवा.