भुंगेऱ्यांच्या अळ्यांचं रासायनिक संरक्षण अभ्यासायचं असेल तर

या विषयात नव्याने येणारे बहुतेक जण आधी ‘कोणतं रसायन आहे?’ असं विचारतात. सुरुवात ‘ते अंगावर कुठे असतं?’ इथून करावी, कारण नमुना कसा घ्यायचा हे त्यावरच ठरतं.

पॉप्लर आणि विलोवर वाढणाऱ्या क्रायसोमेला या पानभुंगेऱ्यांपासून सुरुवात करणं सर्वात सोयीचं. त्यांच्या अळीच्या पाठीवर ग्रंथींच्या नऊ जोड्या असतात. चिमट्याने हलकं डिवचलं की ग्रंथी बाहेर उलटतात आणि प्रत्येकीच्या टोकावर थेंब चमकतो. धोका टळला की अळी तो थेंब परत आत ओढून घेते. म्हणून केशनलिका आधीच हातात तयार हवी. एक ते पाच मायक्रोलिटरची काचेची नळी पुरते. थेंबाला नुसतं टोक टेकवा, स्राव आपोआप वर चढतो. अळी दाबू नका. दाबल्यावर त्वचा फाटून शरीरद्रव मिसळतो आणि नमुना वाया जातो. नळीचं आधी आणि नंतर वजन केलं की स्राव किती मिळाला ते कळतं. नुकतीच कात टाकलेल्या अळ्या वगळा: ग्रंथींच्या पिशवीचं अस्तरही कातेबरोबर निघून जातं, त्यामुळे त्या क्वचितच भरपूर देतात.

हा स्राव मुख्यतः सॅलिसिलाल्डिहाइडचा असतो. पानातलं सॅलिसिन अळी ग्रंथीत पोहोचवते. तिथे ग्लुकोसिडेज विकर त्यातली साखर तोडतं आणि उरलेल्या अल्कोहोलचं ऑक्सिडीकरण होऊन अल्डिहाइड बनतं. सुटलेलं ग्लुकोज अळी अन्न म्हणून वापरते, म्हणजे या संरक्षणाचा तिला खर्च तर नाहीच, उलट मोबदला मिळतो. याउलट फीडॉन आणि प्लॅजिओडेरा या जवळच्या प्रजाती आपल्या ग्रंथींतली इरिडॉइड (उडून जाणारी, शत्रूला दूर ठेवणारी रसायनं) स्वतः घडवतात, त्यामुळे त्यांचं रसायन पानातून येत नाही. हा फरक तपासायला अळ्यांचे दोन गट करा आणि एकाला सॅलिसिन कमी असलेल्या जातीची पानं द्या. कोणत्या झाडाची पानं, किती दिवस, हे प्रत्येक डबीवर लिहा. ही नोंद करायची राहून गेली की नंतर निकालाचा अर्थ लावता येत नाही.

नमुना काचेच्या कुपीत, टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या झाकणाखाली, -20 अंशांवर ठेवा. प्लॅस्टिकच्या नळीतून फ्थॅलेट (प्लॅस्टिक मऊ करणारी रसायनं) झिरपतात आणि वस्तुमान-वर्णपटात, म्हणजे रेणूंचे तुकडे वस्तुमानानुसार दाखवणाऱ्या आलेखात, 149 वर शिखर दिसतं. नवखे त्यालाच अळीचं रसायन समजतात. म्हणून रिकामी कुपी, नुसतं द्रावक आणि न डिवचलेल्या अळीभोवतीची हवा, हे तीन नियंत्रण नमुने प्रत्येक वेळी चालवा.

इतर गटांत पद्धत बदलते. लेडीबर्डच्या अळ्या पाठीतून अल्कलॉइडयुक्त शरीरद्रव पाझरतात. तीच अळी लगेच पुन्हा वापरू नका, ती अशक्त होते. मेक्सिकन बीन बीटलच्या कोषावर ग्रंथीयुक्त केस असतात आणि त्यांच्या टोकांवरचे थेंब फिल्टर पेपरच्या टोकदार तुकड्याने टिपता येतात. कासवासारख्या दिसणाऱ्या पानभुंगेऱ्यांच्या अळ्या शेपटीकडच्या काट्यावर विष्ठा आणि जुन्या कातांची ढाल वाहतात. इथे प्रश्न अवघड होतो, कारण ढाल आडही येते आणि तिच्यात रसायनंही असतात. त्यासाठी तीन गट हवेत: ढाल असलेल्या, ढाल काढलेल्या, आणि द्रावकाने रसायनं धुऊन तीच ढाल परत बसवलेल्या अळ्या. ढाल काढल्यावर चाचणी लवकर करा. अळी खात राहिली की नवी ढाल उभी राहते.

आता खरी कसोटी. स्रावाला उग्र वास आहे एवढ्याने तो संरक्षण ठरत नाही; भक्षक माघार घेतो हे दाखवावं लागतं. मुंग्यांसाठी साखरपाण्याचे दोन थेंब ठेवा, एकात नैसर्गिक प्रमाणातला स्राव, दुसऱ्यात तेवढंच द्रावक, आणि दहा मिनिटांत किती मुंग्या पितात ते मोजा. द्रावक पूर्ण उडाल्याशिवाय चाचणी सुरू करू नका, नाहीतर मुंग्या द्रावकालाच टाळतात. मोजणाऱ्याला कोणता थेंब कुठला हे माहीत नसावं. जिवंत अळ्यांच्या चाचणीत स्राव काढून घेतलेल्या अळ्यांची तुलना तितक्याच हाताळलेल्या, पण स्राव शिल्लक असलेल्या अळ्यांशी करा.

आणि केवळ मुंग्यांवर थांबू नका. पॅरासिरफस निग्रिटार्सिस या माशीच्या अळ्या क्रायसोमेलाच्या अळ्यांवर जगतात आणि सॅलिसिलाल्डिहाइडच्या वासावरूनच त्यांचा माग काढतात. मुंगीला हाकलणारं रसायन या शत्रूला वाट दाखवतं, म्हणून निष्कर्षात ‘संरक्षण’ हा शब्द एकटा लिहू नका. ‘अमुक भक्षकाविरुद्ध’ असं लिहा.