छोटा लॅपटॉप घेताना भाव आणि अपग्रेड कसं ताडून पाहायचं

१३-१४ इंची लॅपटॉपच्या जाहिरातीत किंमत ठळक असते, पण रॅम बोर्डावरच जोडलेली आहे ही गोष्ट शोधूनही सापडत नाही. दोन लॅपटॉपमध्ये तीन-चार हजारांचा फरक दिसला की हात आपोआप स्वस्ताकडे जातो. तो फरक खरा आहे का, हे ठरवायला आधी दोन्ही यंत्रं एका पातळीवर आणावी लागतात.

१. गरज आकड्यात लिहा

विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, असं मायक्रोसॉफ्ट सांगतं. तेवढ्यावर ते सुरू होतं, काम होत नाही. ब्राउझरमध्ये दहा-बारा टॅब, एक मोठी एक्सेल आणि वर व्हिडिओ कॉल, एवढ्यातच ८ जीबी भरत येते. चार-पाच वर्षं वापरायचा असेल तर १६ जीबी धरून चाला. स्टोरेजला ५१२ जीबी पुरते, आणि ते कमी पडलं तरी बहुतेक वेळा उपाय असतो.

२. नाव नको, पूर्ण मॉडेल नंबर घ्या

एकाच नावाखाली पाच-सहा वेगवेगळी यंत्रं विकली जातात. ‘तेच आहे हो’ असं दुकानदाराने सांगितलं तरी खोक्यावरचा पूर्ण कोड उतरवून घ्या आणि ऑनलाइन भाव त्याच कोडचा बघा. रॅम, स्क्रीन आणि प्रोसेसर यांतला फरक त्या शेवटच्या तीन-चार अक्षरांत लपलेला असतो.

प्रोसेसरचंही तसंच. एएमडीचे रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू कागदावर जुळे भाऊ वाटतात. पण या ७००० मालिकेत तिसरा आकडा आतली रचना सांगतो. ‘२’ म्हणजे २०१९ साली आलेली झेन २, ‘३’ म्हणजे तिच्यानंतरची झेन ३. पहिल्यात चार कोअर, दुसऱ्यात सहा. शिवाय ७५२०यूला एलपीडीडीआर५ रॅमच चालते, म्हणजे ती बोर्डावरच आलेली असते. नावात ‘७०००’ आहे म्हणून नवं, असं धरून चालू नका.

३. नंतर काय बदलता येईल ते तपासा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा.

रॅमच्या तऱ्हा तीन: सगळी बोर्डावर, काही बोर्डावर आणि एक स्लॉट मोकळा, किंवा दोन्ही स्लॉट. माहितीपत्रकात ‘एलपीडीडीआर’ लिहिलेलं असेल तर जवळपास नक्कीच बोर्डावर, पुढे काही घालता येणार नाही. नुसतं ‘डीडीआर४’ किंवा ‘डीडीआर५’ असेल तर स्लॉट असण्याची आशा. लेनोवोच्या पीएसआरईएफ या साइटवर प्रत्येक मॉडेलचे स्लॉट आणि जास्तीत जास्त रॅम दिलेली असते. डेल आणि एचपीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मागचं झाकण उघडल्यावर काय दिसतं तेच छापलेलं असतं.

दुकानात डेमो पीस सुरू असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. परफॉर्मन्स, मग मेमरी. खाली ‘फॉर्म फॅक्टर’समोर ‘एसओडिम’ दिसलं तर रॅमची पट्टी स्लॉटमध्ये आहे; ‘रो ऑफ चिप्स’ दिसलं तर त्या चिप बोर्डावरच बसवलेल्या आहेत. त्याच्याजवळच किती स्लॉट वापरात आहेत तेही येतं, पण मोकळ्या स्लॉटची खात्री मॅन्युअलवरूनच करा.

एसएसडी, म्हणजे स्टोरेजची पट्टी, बहुतेक लॅपटॉपमध्ये बदलता येते. फक्त तिची लांबी, २२४२ (४२ मिमी) की २२८० (८० मिमी), विचारून ठेवा. ‘ईएमएमसी’ (स्वस्त, संथ स्टोरेज) असेल तर तेही बोर्डावरच, असा लॅपटॉप सोडून द्या. मॅकबुक एअरमध्ये नंतर काहीच घालता येत नाही. ॲपलने ऑक्टोबर २०२४ पासून त्याची सुरुवातच १६ जीबीने केली, त्यामुळे तिथे प्रश्न उरतो तो स्टोरेजचा. स्क्रीनची चमक आणि रंग कुणीच नंतर बदलत बसत नाही, तेव्हा २५० निट्सचा फिका पडदा आवडला नाही तर तो आजच नाकारा.

४. आता बेरीज करा

समजा अ लॅपटॉप ४२,००० ला आहे: ८ जीबी, सगळी बोर्डावर. ब ४५,५०० ला: ८ जीबी आणि एक स्लॉट मोकळा. क ५०,००० ला: १६ जीबी, बोर्डावर. गरज १६ची असेल तर अ स्पर्धेतच नाही, कितीही पैसे टाकले तरी तो १६चा होत नाही. ब मध्ये ८ जीबीची पट्टी घालायची. दुकानदार तिचे ४,००० सांगतो असं धरलं तर ब पडला ४९,५०० ला. क शी फरक पाचशेचा. पुढे १६ची पट्टी टाकून २४ जीबी करायची सोय हवी असेल तर ब, उघडायची कटकट नको असेल तर क.

पट्टीचा भाव त्याच दिवशी विचारा. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चांगलेच चढले आहेत, त्यामुळे ‘नंतर घालू, तेव्हा स्वस्त मिळेल’ हा जुना हिशेब सध्या चालत नाही.

५. किंमत सोलून बघा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सांगितलेला भाव ‘प्लस जीएसटी’ असू शकतो. ४५,००० अधिक १८ टक्के म्हणजे ५३,१००. आकडा व्हॉट्सॲपवर लिहून मागा, ‘सगळं धरून’ असं म्हणून. तुमचा व्यवसाय जीएसटीत नोंदलेला असेल तर बिलावर नंबर घाला, ते ८,१०० इनपुट क्रेडिटमध्ये मिळू शकतात. ‘बिल नको असेल तर कमी करतो’ याला सरळ नाही म्हणा.

नो-कॉस्ट ईएमआयमध्ये बँक व्याज लावतेच. विक्रेता तेवढी सूट आधी देतो. पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्या खिशातून जाते. व्याज २,००० असेल तर ३६० रुपये आणि वर फी. फार नाही, पण दोन भावांत पाचशेचाच फरक असेल तर तो इथेच संपला. विंडोज नसलेलं मॉडेल स्वस्त दिसतं, त्यात लायसन्सचे पैसे मिळवा. बॅग आणि माउस हिशेबात धरूच नका.

अमेरिकेतून कुणी येणार असेल तर तिथल्या किमतीत सेल्स टॅक्स धरलेला नसतो हे लक्षात ठेवा. १८ वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप कस्टम ड्यूटीशिवाय आणता येतो. वॉरंटी भारतात चालते का, हे मात्र मॉडेलगणिक वेगळं असतं.

६. पैसे देण्याआधी

रॅम किंवा एसएसडी बाहेरून घातली तर वॉरंटीचं काय, हे कंपनीच्या चॅटवर विचारून उत्तर जपून ठेवा. मूळ पट्टी फेकू नका. रोज पाठीवर नेणार असाल तर पाणी सांडणं आणि पडणं धरणारी जादा वॉरंटी विचारात घ्या.

खोकं काउंटरवरच उघडा. सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधी सुरू झाली ते बघा. तारीख काही महिन्यांपूर्वीची निघाली तर तो नग आधी सुरू झालेला किंवा शोकेसमधला असू शकतो. दुसरा मागा.